नागपूरचे नागपूरपण कोण छापणार?

प्रतिनिधी, नागपूर

धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची शेकडो दुकाने थाटली जातात. गावोगावहून आलेली माणसे परतीच्या वाटेला लागताना पिशवीत एखादा ग्रंथ, एखादी पुस्तिका घेऊन जातात. मोठ्या प्रकाशकांच्या जाडजूड ग्रंथांशेजारी तेथे काही सडपातळ अंकही मांडलेले दिसतात. त्यांना गुळगुळीत मुखपृष्ठ नसते. जाहिरात असलीच तर एखादी. संपादक, वितरक आणि विक्रेता ही तिन्ही कामे बहुधा एकच माणूस करीत असतो. कुणीतरी पदरमोड करून काढलेले हे अंक हातोहात वाचकापर्यंत पोहोचतात.

मराठी साहित्याच्या इतिहासात अशा अंकांना ‘लघुनियतकालिक’ किंवा ‘अनियतकालिक’ असे नाव आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या छोट्या अंकांनी मराठी कवितेची भाषा बदलली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी मुंबई या शहराला मराठी साहित्यात खऱ्या अर्थाने आणले. नागपूरनेही मराठीला थोर कवी, नाटककार आणि समीक्षक दिले. मात्र गिरगाव, कामाठीपुरा किंवा काळा घोडा जसा वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तसे महाल, इतवारी, पाचपावली किंवा मोमीनपुरा किती वाचकांपुढे उभे राहतात? या प्रश्नाचे उत्तर लेखकांच्या प्रतिभेपेक्षा नियतकालिकांच्या इतिहासात अधिक सापडते.

अनियतकालिक म्हणजे काय?

नियतकालिक ठरलेल्या दिवशी निघते. त्यासाठी वर्गणीदार, जाहिरातदार, विक्रेते आणि कार्यालय लागते. हा डोलारा सांभाळायचा तर वाचकाची आवड आणि जाहिरातदाराची नाराजी या दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि ती मराठी साहित्याचे वैभव ठरली. पण दिवाळी अंकाचे गणितही मुख्यतः जाहिरातींवरच बेतलेले असते.

अनियतकालिक या साऱ्यातून स्वतःची सुटका करून घेते. लेखन जमले आणि पैसे जमले की अंक काढायचा. दोहोंपैकी एक नसेल तर थांबायचे. प्रती थोड्या, पाने मोजकी, मानधन बहुधा नाहीच. या गरिबीच्या मोबदल्यात संपादकाला एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे कोणालाही न विचारता छापण्याचे स्वातंत्र्य.

राजधानीपासून दूर राहूनही असे काम करता येते, याचा दाखला त्याहून जुना आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. ते १९३५ पर्यंत चालले. आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीला त्याने हक्काचे व्यासपीठ दिले. पुणे-मुंबईबाहेरच्या गावातून एका माणसाच्या निष्ठेवर चाललेला हा उपक्रम नागपूरकरांनी विसरू नये.

मुंबईत काय घडले?

१९५०च्या दशकाच्या मध्यास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ नावाचे अनियतकालिक सुरू केले. चित्रे यांनी तेव्हा वयाची विशीही गाठली नव्हती. छापखान्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून अंक सायक्लोस्टाइल यंत्रावर काढला जाई. १९६३ च्या सुमारास अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. पुढे ‘येरू’, ‘फक्त’, ‘तापसी’ असे अंक निघाले. औरंगाबादेतून भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील आणि त्यांचे सहकारी ‘वाचा’ काढू लागले. नावांवरूनच या मंडळींचा स्वभाव कळतो. ‘मनोरंजन’, ‘ज्ञानप्रकाश’ अशा भारदस्त नामावळीला दिलेले ते खट्याळ उत्तर होते.

त्या काळात साहित्यात प्रतिष्ठा मिळण्याचा राजमार्ग ‘सत्यकथा’ या मासिकातून जात असे. ‘सत्यकथा’ने नवकथा आणि नवकविता घडवली, हे ऋण कोणीही नाकारू शकत नाही. मात्र एकाच दारातून सर्वांना प्रवेश घ्यावा लागला की दाराच्या उंचीप्रमाणे माणसे वाकू लागतात. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरगावातील खटाववाडीत, ‘सत्यकथा’च्या कार्यालयापुढे, त्या मासिकाच्या अंकाची होळी केली. त्या कृतीच्या योग्यायोग्यतेविषयी आजही मतभेद आहेत. वाङ्मयीन अभिरुची ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून उघड्यावर आला.

छोट्या अंकांमुळे शहराच्या चित्रणात तीन बदल घडले. पहिला बदल भाषेचा. रस्त्यावर, हॉटेलात, लोकलच्या डब्यात बोलली जाणारी मिश्र बोली छापण्यायोग्य मानली गेली. कोलटकरांनी मुंबईच्या हिंदीतही कविता लिहिल्या आणि १९७७ च्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहात त्यांना मराठी कवितांच्या पंक्तीत स्थान मिळाले. दुसरा बदल वस्तीचा. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि त्यासाठी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले. ज्या मुंबईकडे पांढरपेशा वाचक पाठ फिरवून उभा होता, ती मुंबई त्याच्या टेबलावर येऊन बसली. तिसरा बदल कलांच्या शेजाराचा. कोलटकर हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले संकल्पनकार होते. कवी, चित्रकार आणि मुद्रक एकाच टेबलाभोवती बसल्यामुळे अंकाचे पान हीच एक कलाकृती आहे, ही जाणीव मराठीत रुजली.

यांपैकी बहुतेक अंक थोड्याच वर्षांत बंद पडले. पण माणसे उरली. ‘असो’ काढणाऱ्या शहाणे यांनीच पुढे ‘प्रास प्रकाशन’ चालवले आणि २००४ मध्ये कोलटकरांचे ‘काळा घोडा पोएम्स’ प्रसिद्ध केले. मुंबईतल्या एका चौकाचे, तेथील भिकाऱ्यांचे, झाडूवाल्यांचे आणि कुत्र्यांचे हे महाकाव्य म्हणावे असे पुस्तक आहे. ‘असो’ आणि हे पुस्तक यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. छोट्या मासिकाचे यश मोजताना एवढी लांब पट्टी घ्यावी लागते.

ही केवळ मराठीची कहाणी नाही. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही डब्लिन शहराच्या एका दिवसाची कादंबरी पुस्तकरूपाने १९२२ मध्ये आली. त्याआधी १९१८ ते १९२० या काळात ती ‘द लिटल रिव्ह्यू’ या छोट्या अमेरिकी मासिकात क्रमशः येत होती. मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या संपादिकांना त्यापायी १९२१ मध्ये न्यायालयात दंड झाला. कोलकात्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘कृत्तिवास’ने बंगाली कवितेत तेच केले.

नागपूरचे देणे आणि नागपूरचे उणे

आता आपल्या शहराकडे वळू. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत झाली आणि पुढे नागपूर हे त्याचे केंद्र बनले. ‘युगवाणी’ हे संघाचे मुखपत्र. कवी ग्रेस यांनीही काही काळ त्याचे संपादन केले. वैदर्भीय लेखनाला या मुखपत्राने जो आधार दिला, तो मोलाचा आहे. पण संस्थेच्या मुखपत्राला साऱ्या विदर्भाचे प्रतिनिधित्व करायचे असते, ज्येष्ठ-कनिष्ठांचा समतोल राखायचा असतो. एका शहराच्या गल्लीबोळांत रमण्याची मोकळीक त्याला नसते. अरुणा सबाने यांनी नागपुरातून चालविलेल्या ‘आकांक्षा’सारख्या नियतकालिकाने स्त्रीप्रश्नांसाठी स्वतंत्र जागा निर्माण केली. शहर हाच विषय मानणारे व्यासपीठ ही त्याहून वेगळी गरज आहे.

त्यामुळे नागपूरच्या लेखकाला ओळख मिळवण्यासाठी बहुधा मुंबईचे दार ठोठावावे लागले. महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथा’त छापून आली आणि विजया मेहता यांचे लक्ष तिच्याकडे गेले. मराठी रंगभूमीला एक मोठा नाटककार मिळाला, पण तो नागपूरकर मुंबईच्या मासिकातून नागपूरला परत कळला. परतवाड्यात जन्मलेले अरुण साधू यांनी ‘मुंबई दिनांक’ लिहिली आणि २००७ मध्ये नागपुरात भरलेल्या ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. विदर्भाच्या मातीतल्या लेखकाने मुंबईची कादंबरी लिहिली. नागपूरचा ‘दिनांक’ मात्र कोरा राहिला.

अस्मितादर्शचे उदाहरण

स्वतंत्र नियतकालिक दीर्घकाळ चालवण्याचा मराठीतील एक मोठा आदर्श मूळच्या नागपूरकरानेच घालून दिला. डॉ. गंगाधर पानतावणे यांचा जन्म १९३७ साली नागपुरात झाला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करताना त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले. दलित साहित्याची किमान दोन पिढ्या या नियतकालिकात घडल्या. लेखक आणि वाचक एकत्र येण्यासाठी अस्मितादर्श मेळावे भरू लागले. २०१८ मध्ये डॉ. पानतावणे यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

‘अस्मितादर्श’चे यश एका गोष्टीत होते. आपला वाचक कोण हे त्याला पक्के ठाऊक होते. जो वाचतो तोच उद्या लिहील, या भरवशावर ते चालले. शहरी जीवनावरील मासिकालाही हीच पद्धत लागू पडते. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार, हातमागावर बसलेला विणकर, सीताबर्डीच्या फुटपाथवरील विक्रेता, मेयो आणि मेडिकलमधील परिचारिका हे या अंकाचे विषय आहेत. त्यांना लेखक करणे हे संपादकाचे खरे काम होय.

दोन भाषांचे शहर

नागपूरच्या बाबतीत आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठी आणि हिंदी येथे शेजारी-शेजारी नांदल्या. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण याबाबत बोलके आहे. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत आणि नागपुरात अध्यापन करीत. थोरले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत. ते १९४८ ते १९५८ या काळात नागपुरात होते आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात काम करीत होते. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा ते वार्ताहर म्हणून तेथे उपस्थित होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रविषयक लेखनात आढळते. त्यांच्या ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेतील रात्रीच्या शहरावर नागपूरचा ठसा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

याचा अर्थ असा की नागपूरच्या रस्त्यावरची, बहुधा सर्वांत गाजलेली कविता हिंदीत लिहिली गेली आणि तिचे जन्मगाव मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांत लिहीत असताना दोघांचे लेखन शेजारी-शेजारी छापणारे नागपूरचे पान नियमाने मिळाले असते तर? ‘काहून बे’ आणि ‘क्या बे’ एकाच दमात म्हणणाऱ्या या शहराची खरी भाषा अशाच पानावर उमटू शकते. प्रमाण मराठीच्या मासिकाला ती अशुद्ध वाटेल आणि हिंदी मासिकाला परकी.

अंक निघतो कसा?

स्वातंत्र्याची किंमत रोख मोजावी लागते, म्हणून व्यवहाराकडेही पाहिले पाहिजे. खिळेजुळणीच्या काळात प्रत्येक अक्षर कंपोझिटरला हाताने लावावे लागे. म्हणून छापील अंक महाग पडे. सायक्लोस्टाइलमध्ये मेणकागदासारख्या स्टेन्सिलवर टंकलेखन यंत्राने किंवा टोकदार लेखणीने मजकूर कोरला जाई आणि त्यातून शाई पाझरून काहीशे प्रती निघत. अक्षर अस्पष्ट, कागद जाडाभरडा. पण यंत्र एखाद्या कार्यालयात वा शाळेत सहज मिळे. छोट्या नियतकालिकांच्या उदयामागे प्रतिभेइतकेच हे यंत्रही होते.

१९९०च्या दशकात संगणकीय अक्षरजुळणी आली आणि ऑफसेट छपाई छोट्या संपादकाच्या आवाक्यात आली. मात्र ऑफसेटचा एक नियम आहे. प्लेट तयार करण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. म्हणून प्रती कमी तर एका प्रतीचा खर्च जास्त. सोळा पानांचा एक फॉर्म धरून हिशेब होतो. पाने सोळाच्या पटीत ठेवली नाहीत तर कागद वाया जातो. आता डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीही काढता येतात. यंत्राची अडचण बरीचशी सुटली, वितरणाची राहिली. विक्रेत्याचे कमिशन, न खपलेल्या प्रतींचा परतावा आणि उधारी यांत छोटे मासिक बुडते. जे तगतात ते वर्गणीवर आणि हातविक्रीवर.

कायद्याच्या बाजूनेही एक गंमत आहे. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. ठरावीक काळाने निघणारे आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या वा त्यावरील भाष्य छापणारे प्रकाशन म्हणजे नियतकालिक, असे तो मानतो. ‘अनियत’ या एका शब्दात जुन्या संपादकांनी आपली जागा किती नेमकी सांगितली होती, हे यावरून कळते. नियमाने अंक काढू इच्छिणाऱ्याने मात्र नोंदणी करून घेणेच श्रेयस्कर. कारण टपालाची वृत्तपत्री सवलत नोंदणीशिवाय मिळत नाही.

काय गमावत आहोत?

जमशेदजी टाटा यांनी उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सव्वाशे वर्षे चालून ती २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. भोंग्याच्या आवाजावर ज्यांच्या घरातली चूल पेटत असे, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. २०१९ पासून मेट्रो धावू लागली आणि वर्धा मार्गावरून दिसणारे शहर बदलले. हे सारे वृत्तपत्रांत छापून आले. पण वृत्तपत्राचा प्रतिनिधी म्हणून हे मान्य केले पाहिजे की, बातमीत घटना येते, आकडे येतात, प्रतिक्रिया येतात. मिल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला नाही तेव्हा घरात काय झाले, हे बातमीत येत नाही. ते कथेत येते, कवितेत येते, रेखाटनात येते, एखाद्याने प्रामाणिकपणे सांगितलेल्या आठवणीत येते. त्यासाठी थांबायला तयार असलेले पान लागते.

छापण्याइतकेच जतनही महत्त्वाचे आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पण मित्रांत वाटून संपलेले सायक्लोस्टाइल अंक तेथवर क्वचितच पोहोचले. म्हणूनच आज त्या काळातील अनियतकालिकांचे पूर्ण संच दुर्मिळ झाले आहेत. कोलकात्यात संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये स्वतःच्या घरात लिटल मॅगझिन ग्रंथालय सुरू केले. २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते छोट्या अंकांचा संग्रह वाढवत राहिले. एका शिक्षकाने हे काम केले. नागपुरातील जुन्या वाचनालयांपैकी एकाने एक कपाट जरी या कामी राखून ठेवले, तरी सुरुवात होईल. घरातील माळ्यावर पडलेले जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी नागरिकांनी त्या कपाटाची आठवण ठेवावी.

सुरुवात लहानच असते

शहराचे मासिक काढायला भव्य सभागृह, उद्घाटक किंवा अनुदान लागत नाही. चार-पाच समविचारी माणसे, त्यांतला एक चित्र काढणारा, एक हिशेब ठेवणारा, आणि दोन फॉर्मचा, बत्तीस पानांचा अंक एवढे पुरे. दोन भाषांना जागा, एका अंकात एकच वस्ती आणि प्रत्येक वेळी एक तरी असा लेखक जो पूर्वी कोठेही छापला गेलेला नाही, हे तीन नियम पाळले तरी अंकाला स्वतःचा चेहरा येईल. पाच अंकांनंतर तो बंद पडला तर खेद नको. ‘शब्द’ही बंद पडला होता.

आणि वितरणाची चिंता? येत्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुन्हा पुस्तकांची दुकाने लागतील. वाचक तेथे रांगेने उभा असतो. त्याच्या हातात ठेवायला नागपूरचा अंक मात्र हवा.